उंबरठ्यावरून विचारलेला प्रश्न

आपल्या वसतिगृहात वर्षावासाच्या काळात वादविवादाचा कार्यक्रम होत असे. काही वर्षांपूर्वी मुलांनीच विषय निवडला होता : ‘धर्मामुळे जगाचे हित कमी आणि अहित अधिक झाले आहे.’ चार विद्यार्थी बाजूने बोलले, चार विरोधात बोलले. बाजूने बोलणाऱ्यांनी धर्मयुद्धे, फाळणीच्या वेळची कत्तल, अस्पृश्यता आणि सती यांचा पाढा वाचला. विरोधात बोलणाऱ्यांनी धर्मशाळा, दवाखाने, संतांचे अभंग आणि अजिंठ्याची लेणी पुढे केली. टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या. मग प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, हित झाले ते कोणाचे आणि अहित झाले ते कोणाचे? दोन्ही एकाच माणसाचे झाले असेल, तर वजाबाकी करता येईल. माणसे वेगवेगळी असतील, तर ती कशी करायची?”

परीक्षक म्हणून बसलेल्या मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. गणिताचे शिक्षक हसून म्हणाले, “मुलीचे बरोबर आहे.” स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची सूचना आली, तेव्हा इतर विषय बाजूला ठेवून मी हाच प्रश्न घेतला. माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापैकी अनेकांना तो आपापल्या घरी, निरनिराळ्या शब्दांत, भेटलेला असेल.

धर्माच्या हिताहिताचा विचार करताना आपण बहुधा तराजू डोळ्यांसमोर आणतो. एका पारड्यात पुण्य, दुसऱ्यात पाप. जे पारडे खाली जाईल तो निकाल. जगातील अनेक विद्वानांनी या पद्धतीने ग्रंथ लिहिले आहेत आणि दोन्ही निकाल मिळवून दाखवले आहेत. ही पद्धत कोठे फसते, हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, देऊळगाव राजा तालुक्यात, मेहुणा राजा नावाचे गाव आहे. संत चोखामेळा यांचे ते जन्मस्थान असे परंपरा मानते.

चोखोबा महार समाजात जन्मले. संत नामदेवांचे ते समकालीन. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. एकाच अस्पृश्य कुटुंबातील पाच माणसांनी, त्यांत दोन स्त्रियांनी, चौदाव्या शतकात काव्य रचावे आणि ते आजतागायत टिकावे, ही गोष्ट जगाच्या वाङ्मयातही विरळ आहे. अक्षर ज्यांच्यासाठी निषिद्ध होते, त्यांच्या तोंडी शब्द आले ते विठ्ठलभक्तीच्या वाटेने. हे हित धर्माचेच, ते नाकारता येणार नाही.

परंतु ज्या विठ्ठलासाठी हे शब्द होते, त्याच्या मंदिरात चोखोबांना पाऊल टाकता आले नाही. पुढे मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असता ती कोसळली आणि वेठीचे काम करणाऱ्या मजुरांबरोबर तेही गाडले गेले. हे वर्ष १३३८ असे परंपरेने सांगतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. मृत्यूनंतरही स्थान उंबरठ्याच्या बाहेरच राहिले. ते महाद्वार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. १३३८ ते १९४७, म्हणजे सहाशे नऊ वर्षे.

आता या सहाशे नऊ वर्षांचा जमाखर्च मांडून पाहा. मंदिराच्या आत उभे राहणाऱ्याच्या वहीत समाधान, संगीत, सोबत, वारीचा आनंद, संकटातला आधार अशा नोंदी निघतील आणि त्या खऱ्या असतील. बाहेर उभे राहणाऱ्याच्या वहीत त्यांतील थोडे निघेल आणि त्याखाली पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान निघेल. या दोन वह्यांची बेरीज करून ‘एकंदरीत नफा’ असे म्हणणे म्हणजे पहिल्याचे सुख दुसऱ्याच्या दुःखाची भरपाई करते असे मानणे होय. ज्याने दुःख भोगले त्याने अशी भरपाई कधी मागितली नव्हती. त्या मुलीच्या प्रश्नाचे मर्म मला इथे सापडले. धर्माचा हिशेब देवळाच्या शिखरावरून करू नये, उंबरठ्यावर अडवलेल्या माणसाजवळ उभे राहून करावा.

असा हिशेब मागणारी एक विद्यार्थिनी महाराष्ट्रात पूर्वी होऊन गेली आहे, आणि ही गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत सांगण्यासारखी आहे. मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात दोन भागांत छापून आला. तिचे वय तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे होते. वेद वाचण्याचा अधिकार काही थोड्यांनाच असेल, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही असा त्याचा अर्थ होतो. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा थेट देवालाच प्रश्न होता. ज्या धर्माचा लाभ एकाने घ्यावा आणि बाकीच्यांनी नुसते पाहत राहावे, तसला धर्म पृथ्वीवरून नाहीसा व्हावा, अशा आशयाचे विधानही तिने केले. धर्म नकोच, असे ती म्हणत नाही. आपल्या वाट्याचा धर्म कोठे आहे, ते ती विचारते. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती मिशनऱ्यांचे पत्र होते हेही लक्षात घेतले पाहिजे. तिच्या लेखणीला जागा मिळाली ती दुसऱ्या एका धर्माच्या छापखान्यात. गुंता इतका आहे.

मुक्ताच्या निबंधानंतर ऐंशी वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्याआधी महाडचे चवदार तळे झाले होते, मनुस्मृतीचे दहन झाले होते, आणि २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही सुमारे पाच वर्षे झगडले होते. चोखोबा ज्या जागी उभे होते, तीच ही जागा. फरक इतकाच की चोखोबांनी दारातून देवाला आळवले आणि सत्याग्रह्यांनी दार बंद करणाऱ्यांना जाब विचारला. दार उघडले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी त्या दाराकडे पाठ फिरवली.

येथे विचार करणाऱ्या तरुणाला एक शंका येते. माझ्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी पुण्या-मुंबईहून सुटीत आल्यावर ती बोलून दाखवली आहे. ज्या माणसाने धर्माचे इतके अहित पाहिले आणि सोसले, त्याने धर्म ही वस्तूच का टाकून दिली नाही? त्यांचे वाचन युरोपातील बुद्धिवाद्यांचे होते. अर्थशास्त्र आणि कायदा हे त्यांचे विषय होते. त्यांच्या काळातील कितीतरी बुद्धिमान माणसे धर्माला अफू ठरवून मोकळी झाली होती. तरी त्यांनी येवल्यापासून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे ‘कोणता धर्म’ या प्रश्नाच्या शोधात घालवली. ती का?

याचे एक उत्तर ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी हे भाषण लिहिलेले होते. मंडळाने अधिवेशनच रद्द केले, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. त्यात त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला आहे. नियम माणसाला काय कर आणि काय करू नको हे सांगतो. तो पाळला की जबाबदारी संपली. तत्त्व माणसाला विचार करायला लावते आणि त्याच्या कृतीची जबाबदारी त्याच्यावरच ठेवते. नियमांचा धर्म नष्ट करावा असे सांगत असतानाच समाजाला धर्माची गरज आहे असेही ते निःसंदिग्धपणे म्हणतात. ज्यांना त्या ग्रंथात केवळ धर्मावरचा हल्ला दिसतो, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचलेला नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे उत्तर त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरचे आहे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर सोळाच दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दोघांचेही उद्दिष्ट शोषण आणि दुःख नाहीसे करण्याचे आहे. वाटा मात्र वेगळ्या आहेत, असा त्यांचा विचार होता. मार्क्सच्या वाटेवर सक्ती आणि हुकूमशाही येते. ती काही काळ काम करील, पण सक्ती उठल्यावर माणसाला चांगले वागायला कोण लावणार? माणसाचे मन बदललेले नसेल, तर कायदा आणि बंदूक यांचा पहारा कायमचा ठेवावा लागेल. हे इशारे किती खरे होते ते पुढे दिसले. कंबोडियात १९७५ ते १९७९ या चार वर्षांत ख्मेर रूज राजवटीने धर्म संपवण्याचा विडा उचलला. विहार बंद झाले, भिक्खूंची चीवरे उतरवली गेली, अनेकांना ठार मारण्यात आले. सुमारे पंधरा ते वीस लाख माणसे मृत्यू पावली. धर्म हटवला की अहित आपोआप हटते, हा समज त्या देशाने फार मोठी किंमत देऊन तपासून पाहिला आहे.

म्हणूनच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांच्यात रेषा ओढली. रूढ अर्थाचा धर्म हा माणूस आणि देव यांच्यातील खाजगी व्यवहार आहे. धम्म हा माणूस आणि माणूस यांच्यातील आहे. निर्जन बेटावर एकटा राहणाऱ्याला त्याची गरज नाही. शेजारी दुसरा माणूस आला की गरज सुरू झाली. हा विचार समजला की पंढरपूरचा पेच सुटतो. वारकरी संतांनी देवापुढे सर्व सारखे असे सांगितले, आणि ते मनापासून सांगितले. परंतु देवापुढची समता माणसामाणसांच्या व्यवहारात उतरली नाही, अशी बाबासाहेबांची टीका होती. तरीही संतांविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही. अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. पंढरपूरचे दार नाकारणाऱ्या माणसाने त्या दारातल्या माणसाला वंदन केले.

भगवान बुद्धांच्या काळातही हा प्रश्न विचारला गेला होता. अंगुत्तर निकायात कालामांची कथा आहे. केसपुत्त या गावचे कालाम लोक तथागतांना म्हणाले की, आमच्या गावी अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येक जण आपले मत थोर म्हणतो आणि दुसऱ्याचे तुच्छ लेखतो. आम्ही कोणावर विश्वास ठेवावा? तथागतांनी त्यांना आपले मत मान्य करा असे सांगितले नाही. तुमची शंका योग्य जागी आहे असे ते म्हणाले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. ज्या गोष्टी आचरल्याने अहित आणि दुःख होते असे तुम्हाला स्वतःला कळेल त्या सोडा, आणि ज्यांनी हित होते त्या आचरा. मग त्यांनी कालामांनाच विचारले की, मनात लोभ उत्पन्न होतो तो हितासाठी की अहितासाठी? द्वेष? मोह? शिष्यांनी गुरूला तपासावे, अशी मोकळीक देणारा हा उपदेश आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब अशी की येथे ‘धर्म’ या नावाला एकगठ्ठा निकाल नाही. एकेका आचरणाची तपासणी आहे.

ही तपासणी दुसऱ्यांच्या बाबतीत करताना न्यायाने केली पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील शेगावचे गजानन महाराज संस्थान स्वच्छता, अन्नदान, रुग्णसेवा आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांसाठी ओळखले जाते. तेथे शिकलेली आपली मुलेही आहेत. वऱ्हाडचे गाडगेबाबा देवळात बसले नाहीत. झाडू घेऊन गावे झाडली आणि मिळालेल्या पैशातून धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, ते गेले. नवस, पशुबळी आणि कर्ज काढून केलेले सणवार यांवर त्यांनी कीर्तनातून जितके कोरडे ओढले, तितके क्वचितच एखाद्या नास्तिकाने ओढले असतील.

आणि स्वतःच्या बाबतीत ही तपासणी अधिक कठोरपणे केली पाहिजे. येथून पुढचे लिहिणे मला सोपे नाही.

माझे आजोबा १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये बैलगाडीने मलकापूर स्टेशनापर्यंत आणि तेथून रेल्वेने नागपूरला गेले होते. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होते आणि नागपूर ही आमची राजधानी होती. प्रांतरचना त्यानंतर पंधरवड्याने बदलली. परत आल्यावर त्यांनी घरातील देव्हारा उतरवला आणि देवांचे टाक गाठोड्यात बांधून नदीत सोडले. एक टाक मात्र आजीने ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता. ती वारल्यावर कणगी फोडली तेव्हा तो निघाला. घरात बरीच चर्चा झाली. वडील संतापले, आत्या रडली. आजीची दोन मुले लहानपणीच दगावली होती आणि त्या टाकासमोर तिने त्यांच्यासाठी हात जोडले होते. त्या आधाराचे काय करायचे, हे तिला दीक्षेच्या दिवशी कोणी विचारले नव्हते. बावीस प्रतिज्ञा मी आयुष्यभर शिकवल्या आहेत आणि त्यांतील एकही मी सैल करणार नाही. पण माणसाच्या हातातून एक आधार काढून घेताना दुसरा द्यावा लागतो आणि तो देण्यात आपण कमी पडलो, ही कबुली मला आजीच्या कणगीने द्यायला लावली.

दुसरी आठवण अधिक कटू आहे. दीक्षेला वीसेक वर्षे झाली होती. आमच्या भाऊबंदातील एका मुलाला कपाशीच्या वावरात साप चावला. सरकारी दवाखाना घाटापलीकडे होता. पण आधी त्याला एका देवस्थानी नेण्यात आले, कारण तेथे विष उतरते अशी श्रद्धा होती. तीन तास गेले. दवाखान्यात पोचण्यापूर्वीच तो गेला. ज्यांनी त्याला तेथे नेले त्या सर्वांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी होत्या. नाव बदलले होते, भीती बदललेली नव्हती. आज महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. वारी, कीर्तन, पूजा, प्रदक्षिणा यांना त्याने हात लावलेला नाही. कालामांना सांगितलेल्या कसोटीशी हे जुळते : श्रद्धेला नव्हे, तिच्यातून होणाऱ्या इजेला प्रतिबंध.

धर्मांतराने काय साधले, असे जे विचारतात त्यांना उत्तर देता येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात राहतात. बौद्धांमधील साक्षरता ८१ टक्के होती. देशाची ७३ आणि अनुसूचित जातींची ६६ टक्के. याचे सारे श्रेय दीक्षेला देणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्राची एकूण साक्षरताच तेव्हा ८२ टक्क्यांच्या घरात होती, शिवाय शिष्यवृत्त्या, राखीव जागा आणि १९४५ मध्ये स्थापन झालेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी यांचा त्यात वाटा आहे. तरीही ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओट्याखाली बसवले जात होते, त्यांनी दोन-तीन पिढ्यांत राज्याची सरासरी गाठली. दीक्षेने अक्षर शिकवले नाही. आपण शिकू शकतो असे मानण्याची मोकळीक दिली. माझ्या मते तिचे सर्वांत मोठे हित हेच.

परंतु बौद्ध हे नाव घेतले म्हणून कोणी अहितापासून सुरक्षित होत नाही. श्रीलंकेचे पंतप्रधान बंदरनायके यांच्यावर १९५९ साली गोळ्या झाडणारा चीवरधारी होता. म्यानमारमधून २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव घेऊन बांगलादेशात पळाले, आणि त्यांच्याविरुद्ध द्वेष पेरणाऱ्यांत भिक्खूही होते. हे सांगितले की आपल्यातील काही जण ‘ते खरे बौद्ध नव्हेत’ असे म्हणून विषय मिटवतात. काळारामच्या पुजाऱ्यांविषयीही कोणीतरी असेच म्हणत असेल. ही पळवाट आपण इतरांना देत नाही. आपणही घेऊ नये.

आपल्या परंपरेलाही उंबरठा आहे. महाप्रजापती गौतमीने प्रव्रज्या मागितली तेव्हा तथागतांनी आरंभी ती नाकारली. ती केस कापून, काषाय वस्त्रे नेसून, कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत चालत गेली आणि सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेली, रडत दारकोठ्याबाहेर उभी राहिली. आनंदाने तिची बाजू मांडली. स्त्री अर्हत्पद मिळवू शकते काय, असे त्याने विचारले. शकते, असे उत्तर मिळाले. आणि मग दार उघडले. विनयात ही कथा जशीच्या तशी ठेवली आहे, झाकून ठेवलेली नाही. ज्यांनी ती ठेवली त्यांचा मला अभिमान वाटतो. पुढे थेरवादी देशांत भिक्खुणीसंघ लोप पावला आणि सुमारे नऊशे वर्षांनी, १९९६ साली सारनाथला व १९९८ साली बुद्धगयेला उपसंपदा देऊन तो पुन्हा उभा करण्यात आला. अजूनही त्याला सर्वांची मान्यता नाही.

मोताळ्याच्या परिसरातील आपल्या गावांतही हीच तपासणी करता येईल. विहाराच्या समितीत स्त्रिया किती आहेत? वंदनेच्या वेळी पुढे बसणाऱ्या आणि हिशेबाच्या वेळी घरी पाठवल्या जाणाऱ्या, एवढेच त्यांचे स्थान असेल तर ते गौतमीच्या दारकोठ्याबाहेरचेच होय. लग्न जुळवताना पोटजात विचारली जाते की नाही, हे प्रत्येक पालकाने आपल्याशीच म्हणावे. मला अनेक पत्रिका माहीत आहेत ज्यांवर बुद्धाचे चित्र होते आणि बोलणी पोटजातीवर अडली होती. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीत जो पैसा आवाजात विरतो, त्यात वसतिगृहातील किती मुलांची वर्षभराची पुस्तके येतील, हा हिशेब मी दोनदा जाहीरपणे मांडला आणि दोन्ही वेळा माझ्यावर नाराजी ओढवून घेतली. आणि शेजारच्या वस्तीत राहणाऱ्या मुक्ता साळवेच्या समाजातील मुलाला आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसताना संकोच वाटतो काय, हेही एकदा त्याच्याजवळ बसून विचारायला हवे.

त्या वादविवादानंतर मी नववीच्या वर्गाला दिवाळीच्या सुटीचा अभ्यास म्हणून एकच काम दिले होते. घरातील किंवा वस्तीतील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारायचे की दीक्षेपूर्वी आणि नंतर तिच्या जगण्यात काय बदलले. वह्या परत आल्या तेव्हा बहुतेकांनी देव सोडले, मेलेली जनावरे ओढणे सोडले, मुलांना शाळेत घातले असे लिहिले होते. वजाबाकीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या वहीत तिच्या पणजीचे बोलणे जसेच्या तसे उतरवलेले होते : “पह्यले पानी वरून टाकत. आता तांब्या हातात देतात. ते बाबासाहेबानं केलं. पन घरातलं इचारायचं असन, तं मले नको इचारू, माह्या सुनेले इचार.” त्याखाली मुलीने लिहिले होते की आजीला विचारले, ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली, उद्या पुन्हा विचारणार आहे.